वरून एक, खालून एक

चाळीसच्या पुढे काटा गेला
की शिशिगा थरथरायचा.
आधी स्टिअरिंग, मग आरसे,
मग बापाचे दात.
नारीनहून आत-बाशीला येईपर्यंत
तो एकच म्हणायचा: रस्ता खराब आहे.
रस्ता मागच्याच उन्हाळ्यात नवा झालेला.

एप्रिल संपत आला,
कुंपणाशी बर्फ काळं पडलं,
तेव्हा मी जॅक लावला.
चाक वर-खाली धरून हलवलं.
टक्. टक्.
"ऐकलंत?"
"माझे कान गेलेत," म्हणाला,
आणि उलटी बादली ओढून
कानाजवळच बसला.

मॉस्कोच्या गोदामात सात वर्षं खोकी उचलली,
एकही उघडून पाहिलं नाही.
आज ही उघडली, एक्सलच्या टोकाची मूठ,
कलिंगडाएवढी.
आत ग्रीस नव्हतंच.
ग्रीस, तेल, गंज आणि कुठल्या कुठल्या ओढ्यांचं पाणी
मिसळून झालेली राखाडी लापशी.
चमच्याने उपसली.
आई दारातून म्हणाली,
तो चमचा आता घरात आणू नकोस.

वरची पिन निघेना.
रॉकेल झालं, हातोडा झाला,
पुन्हा रॉकेल.
"शिवी दे," बाप म्हणाला. "रशियनमध्ये दे.
तिकडची वस्तू आहे, किर्गिझ कळायची नाही तिला."
दिली.
निघाली, खरंच.

जुनं बेअरिंग पुसून उजेडात धरलं.
रोलरांनी आपल्याच घरात खळगे पाडलेले,
एका ओळीत, नेमके तिथे
जिथे चाक सरळ असतं.
वळणाच्या जागा अजून आरशासारख्या.
चाळीस वर्षं हा बहुतेक
सरळच गेला म्हणायचा.

नवी बेअरिंगं बिश्केकच्या बाजारात मिळाली,
नमद्याची गोल पट्टी मिळाली नाही.
आईने शिरदाकचा उरलेला तुकडा काढला,
जुनी पट्टी वर ठेवून
मेंढ्यांच्या कात्रीने कापली.
लाल शिंगाची अर्धी नक्षी अजून दिसत होती तिच्यावर.
मी ती तेलात बुडवून आत बसवली.
आई म्हणाली, राहू दे, दिसली नाही तरी आहे.

मग पत्र्या.
कांद्याच्या पापुद्र्याएवढ्या पातळ,
पिनीच्या टोपीखाली घालायच्या.
"वरून एक काढलीस
तर खालूनही एक काढ,
नाहीतर मध्य सरकतो."
कशी धरायची ते दाखवायला त्याने हात पुढे केला.
दोन बोटांत पत्री घेतली,
आणि पत्री वाजायला लागली.
बारीक, न थांबता.
हात परत मांडीखाली गेला.
आम्ही दोघांनी काही वेळ
हातोड्याकडे पाहिलं.

लोकर तोलायचा स्प्रिंगचा काटा
भोकात अडकवून हळू ओढला.
"किती?"
"दीड."
"ढिलं आहे. अजून काढ."
वरून एक, खालून एक.
"आता?"
"अडीच."
"अडकतंय?"
"नाही."
"मोकळं आहे?"
"मोकळं... नाही."
"मग झालं."

याच्या आधीचे तीन भाऊ पाळण्यातच गेले,
म्हणून याचं नाव तोक्तोसुन ठेवलं.
थांबू दे याला, असा अर्थ.
थांबला. पंच्याहत्तरी उलटली.
मला हे कशावरून आठवलं कोण जाणे.
बोल्ट आवळत होते बहुतेक.

संध्याकाळी पुलापर्यंत गेलो.
गाडी मी चालवत होते.
पंचेचाळीस. पन्नास.
आरशातला डोंगर जागचा हलला नाही.
साठ.
बापाने दोन्ही हात पुढे पत्र्यावर ठेवले होते,
अख्ख्या ट्रकमध्ये आता तेवढेच हलत होते.

पुलाशी वळून परत निघालो.
खिशात उरलेल्या चार पत्र्या होत्या.
"रस्ता सुधारला," तो म्हणाला.
मी म्हटलं, हो.